माळ्यावरचें विमान

गेल्या आठ-नऊ महिन्यांपासून आमच्या घराच्या माळ्यावर एक विमान उभें आहे. त्यास पंख नाहींत, शेपूट नाहीं, आणि तें जमिनीपासून बोटभरही उठत नाहीं. एक लांकडी मेज, त्यावर संगणकाचा पडदा, पडद्यापुढें प्लायवुडची तिरकस फळी, तींत बसविलेल्या दांड्या, खटके व फिरत्या कळा, आणि फळीच्या मागल्या बाजूस लोंबणारें तारांचें जंजाळ, एवढाच त्याचा पसारा. परंतु ह्या फळीपुढें बसून आमचा थोरला नातू लोहगांवच्या धावपट्टीवरून उड्डाण करतो, सिंहगडास वळसा घालतो आणि चहाची हांक यावयाच्या आंत परत उतरतो. अलीकडे पुष्कळ घरांतून मुलांस हा छंद लागलेला दिसतो, आणि वडील माणसें "संगणकावरचा खेळ" म्हणून तो निकालांत काढतात. आम्हींही प्रथम तसेंच केलें होतें. आमचें मत कां बदललें, आणि ह्या दांड्या व खटके संगणकाशीं जोडण्याची विद्या प्रत्यक्षांत कशी आहे, हें वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

त्यामागील हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. नातवास विमानचालक व्हावयाचें होतें. बारावीस गणित व पदार्थविज्ञान ह्या विषयांत त्यानें चांगले गुण मिळविले. शिक्षणाचा खर्च मोठा, म्हणून त्याच्या वडिलांनीं व काकांनीं मिळून कांहीं रक्कम बाजूस काढून ठेविली होती. वैद्यकीय तपासणीच्या वेळीं डॉक्टरांनीं त्याच्यापुढें रंगीत ठिपक्यांचें पुस्तक उघडलें, आणि त्या ठिपक्यांत लपलेले आंकडे त्यास दिसले नाहींत. तांबडा व हिरवा ह्या दोन रंगांतील भेद ह्या मुलाच्या डोळ्यांस नीट कळत नाहीं, ही गोष्ट अठरा वर्षें एका छपराखालीं राहून आम्हां कोणासच ठाऊक नव्हती. हा दोष जन्मतःच असतो. आईला स्वतःला कांहीं न बाधतां तिच्या द्वारें तो मुलाकडे येतो, आणि त्यावर औषध नाहीं. हें ऐकून सूनबाईनें दोन दिवस अन्न सोडलें.

नियम कठोर आहे. पण तो निष्कारण केलेला नाहीं. विमानाचा रेडिओ बंद पडला तर विमानतळाच्या मनोऱ्यावरून दिव्याचा झोत टाकून खूण करतात. स्थिर हिरवा झोत म्हणजे उतरा, स्थिर तांबडा म्हणजे दुसऱ्यास वाट द्या व घिरट्या घालीत राहा. रात्रीं विमानाच्या डाव्या पंखावर तांबडा व उजव्या पंखावर हिरवा दिवा असतो. समोरचें विमान आपल्याकडे येत आहे कीं आपल्यापासून दूर जात आहे, हें त्यावरून ओळखावयाचें. ज्यास हे दोन रंग एकच दिसतात, त्याच्या हवालीं दोनशें माणसांचे प्राण करतां येत नाहींत. नातवानें हें सर्व आम्हांस स्वतःच समजावून सांगितलें, आणि त्यानंतर महिनाभर तो कोणाशीं फारसा बोलला नाहीं. मग एके दिवशीं तो एक जॉयस्टिक व कांहीं सुटे भाग घेण्यास पैसे मागूं लागला. त्याच्या वडिलांचें म्हणणें असें कीं, जें आपणांस मिळावयाचें नाहीं त्याचें खेळणें करून पुढ्यांत ठेवण्यांत काय पुरुषार्थ? आम्हांसही तें पटण्यासारखें वाटलें. तरी माळा रिकामाच होता. तो देण्यास काय हरकत आहे, एवढेंच आम्ही म्हणालों.

विमान न उडवितां उडविण्याचा अभ्यास करण्याची कल्पना मात्र खेळण्यांतून निघालेली नाहीं, किंवा निघाली असली तरी फार लवकर गंभीर झाली. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन गांवीं लिंक नांवाच्या गृहस्थांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. त्यांचा मुलगा एडविन लिंक ह्यानें १९२० सालीं पैसे भरून विमानाचा पहिला धडा घेतला. शिक्षकानें त्यास तासभर आकाशांत कोलांट्या खाऊन दाखविल्या आणि खालीं उतरविलें. सुकाणूस हात म्हणून लावूं दिला नाहीं. शिकविण्याची ही रीत लिंक ह्यास मुळींच पसंत पडली नाहीं. (चाळीस मुलांच्या वर्गांत एकच प्रयोग शिक्षकानें करून दाखवावा आणि मुलांनीं लांबून पाहावा, ही आपल्याकडील रीत निराळी नाहीं.) त्यानें वडिलांच्या कारखान्यांतील ऑर्गनचे भाते घेतले, त्यांवर लहानशा विमानाच्या आकाराची पेटी बसविली, आणि आंत बसणाऱ्यानें दांडी हालविली कीं भाते फुगून वा मिटून पेटी त्या त्या बाजूस कलावी अशी योजना केली. संगीत नाटकांच्या काळीं रंगभूमीपुढें जो ऑर्गन वाजत असे, त्याच्या भात्याचीच ही युक्ति! १९२९ मध्यें त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला. सुरुवातीस ह्या पेट्यांस गिऱ्हाईक मिळालें तें जत्रेंतील करमणुकीच्या बागांचें. पुढें १९३४ मध्यें अमेरिकन सैन्याकडे विमानानें टपाल नेण्याचें काम आलें, आणि धुक्यांत व रात्रीं केवळ यंत्रांच्या कांट्यांवर भिस्त ठेवून उडण्याची संवय नसल्यामुळें थोड्याच आठवड्यांत अनेक तरुण वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हां सैन्यानें लिंकच्या सहा पेट्या विकत घेतल्या. दुसऱ्या महायुद्धांत पांच लाखांहून अधिक वैमानिकांचें शिक्षण ह्या निळ्या पेट्यांत झालें.

घरच्या संगणकावर हा प्रकार येण्यास आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षें लागलीं. इलिनॉय विद्यापीठाचे पदवीधर ब्रूस आर्टविक ह्यांनीं ॲपल संगणकावर विमानाची अनुकृति १९७९-८० च्या सुमारास आणली. १९८२ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें त्यांचेंच काम घेऊन आपला फ्लाइट सिम्युलेटर काढला. त्या वेळचें विमान म्हणजे पडद्यावरील चार रेघा होत्या. आज त्याच पडद्यावर खऱ्या नकाशावरून घेतलेले डोंगर, नद्या व शहरें दिसतात, वारा व ढग हवामानखात्याच्या वार्तेप्रमाणें बदलतात. आमच्या गल्लींतलें वडाचें झाडसुद्धां नातवानें आम्हांस वरून दाखविलें. तें आहे त्यापेक्षां दुप्पट उंच होतें, ती गोष्ट निराळी.

इतकें असूनही कळफलकावर बोट दाबून विमान उडविणें म्हणजे हार्मोनियमच्या पट्ट्या चित्रांत पाहून गाणें शिकण्यासारखें आहे. कळफलकाची कळ एक तर दाबलेली असते, नाहीं तर सुटलेली असते. विमानास हवें असतें तें "किंचित्". दांडी केसभर मागें, जरा थांबून पुन्हां पुढें. इंजिनाची शक्ति थोडी कमी, कांटा हालला कीं थोडी जास्त. हातास हा हिशेब कळतो, बोटाच्या टोंकास कळत नाहीं. म्हणून खरी दांडी हवी, आणि दांडी आली कीं ती संगणकास कळविण्याचा प्रश्न आला.

ह्या कळविण्याचे मूळ प्रकार दोनच आहेत. पहिला, ज्यांत "किती" सांगावयाचें असतें. दुसरा, ज्यांत "होय वा नाहीं" एवढेंच सांगावयाचें असतें. थ्रॉटल म्हणजे इंजिनाची शक्ति वाढविण्याची दांडी ही पहिल्या प्रकारांत मोडते. तिच्या खिळ्याशीं पोटेन्शिओमीटर नांवाची वस्तु जोडतात. तिला तीन पाय असतात. बाहेरच्या दोहोंपैकीं एकास पांच व्होल्टांची वीज द्यावयाची, दुसरा शून्यास जोडावयाचा. दांडी फिरेल तसा आंतील एक पत्रा विरोधक पट्टीवर सरकतो, आणि मधल्या पायावर शून्यापासून पांचपर्यंत त्या जागेच्या मानानें व्होल्ट मिळतात. पुढें एक लहानसें, अंगठ्याएवढें इलेक्ट्रॉनिक पान असतें. तें हे व्होल्ट मोजून त्यांचें ० ते १०२३ ह्यांमधील एका संख्येंत रूपांतर करतें, आणि ती संख्या संगणकास कळवितें. दांडी बरोबर मध्यावर असेल तर ५१२ च्या आसपास आंकडा यावा, हें उघड आहे.

आमच्या दांडीचा तो आंकडा आला सव्वाशें! नातवानें तार तपासली, झाळलेले सांधे पुन्हां झाळले, पानही बदललें, आंकडा सव्वाशेंच. पहिल्या अर्ध्या फेऱ्यांत विमान नुसतें गुरगुरे, आणि पुढल्या अर्ध्यांत एकदम उधळे. उतरतांना तर दांडी सुतभर पुढें गेली कीं इंजिन अंगावर येई. दोन दिवस डोकें खाजविल्यावर उगम सांपडला. तो पोटेन्शिओमीटर त्यानें आमच्या जुन्या बंद पडलेल्या रेडिओंतून, आवाज लहानमोठा करण्याच्या कळेंतून काढला होता. आवाजाच्या कळेंतील विरोधकपट्टी मुद्दामच विषम केलेली असते. कारण आपला कान आवाजाची वाढ बेरजेनें मोजीत नाहीं, पटीनें मोजतो; प्रत्यक्ष शक्ति कित्येक पट वाढवावी तेव्हां कोठें "दुप्पट झाला" असें त्यास वाटतें. म्हणून अर्ध्या फेऱ्यांत ती पट्टी शेंकडा दहा-पंधराच विरोध देते. कानास जें समान, तें यंत्रास विषम! बाजारांत हीं दोन्हीं दिसावयास सारखींच असतात. पाठीवर ए किंवा बी असें एक अक्षर असतें, आणि बहुधा ए हें विषम व बी हें सम समजावें. विमानासाठीं बी घ्यावें, एवढें ज्यांस हा उद्योग करावयाचा आहे त्यांनीं टिपून ठेवावें. आम्ही शाळेंत घातांकगणित अनेक वर्षें शिकविलें, परंतु तें रेडिओच्या कळेंत बसलेलें असेल हें आमच्या कधीं ध्यानांत आलें नव्हतें.

पानाच्या बाबतींतही आम्ही एकदां फसलों. एका दुकानदारानें "हेंच सर्वजण नेतात" म्हणून आर्डुइनो ऊनो हें पान गळ्यांत बांधलें. पान चांगलें आहे, पण तें संगणकापुढें "मी जॉयस्टिक आहें" अशी स्वतःची ओळख सरळ करून देऊं शकत नाहीं. आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो ह्या पानांवरील ॲटमेगा ३२यू४ ही चकती तसें करूं शकते. अशी ओळख पटली कीं संगणकास निराळें कांहीं शिकवावें लागत नाहीं. यूएसबीची तार खुपसली कीं काम झालें.

आतां तारांची गोष्ट. एका फळीवर तीस-चाळीस तारा सहज होतात, आणि त्या ओळखावयाच्या त्या रंगांवरून. येथें मुलाचा दोष आडवा आला. तांबडी, हिरवी व तपकिरी तार त्यास जवळजवळ एकच. तो खालीं येऊन म्हणाला, "आजोबा, जरा वर येतां का? मला रंग वाचून दाखवा." त्या दिवसापासून रोज संध्याकाळीं आमची हजेरी माळ्यावर लागूं लागली. आम्ही चष्मा लावून एकेक तार उजेडाकडे धरीत असूं व रंग सांगत असूं, आणि तो झाळीत असे. एकदां पिवळ्या दिव्याखालीं आम्हींच तपकिरीस तांबडी म्हणालों. पांच व्होल्ट थेट शून्यास जोडले गेले आणि संगणकानें त्या यूएसबीची वीज आपण होऊन तोडली. जळलें कांहीं नाहीं. परंतु डोळस म्हणून ज्यानें मिरवावें, त्याचीही परीक्षा झाली! तेव्हां आम्हीं सुचविलें कीं, रंगांचा नाद सोडून प्रत्येक तारेच्या दोन्ही टोंकांस कागदाची चिठ्ठी गुंडाळावी व तीवर क, ख, ग असें अक्षर घालावें. संस्कृतांत रंगास वर्ण म्हणतात आणि अक्षरासही वर्णच म्हणतात. एक वर्ण दिसत नसेल तर दुसऱ्यानें काम भागवावें. मुलगा त्या दिवशीं बऱ्याच काळानंतर मोठ्यानें हंसला.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे "होय-नाहीं" सांगणाऱ्या खटक्यांची कथा अधिक सोपी दिसते, पण ती तशी नाहीं. धातूचे दोन तुकडे एकमेकांस भिडतांना एकदांच भिडत नाहींत. दगड पाण्यावर उड्या मारीत जावा तसे ते सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत अनेकदां आपटतात. माणसास तो एक "टक्" ऐकूं येतो, यंत्रास पांच-सात. म्हणून पानास असें शिकवावें लागतें कीं, पहिल्या स्पर्शानंतर क्षणभर कान बंद ठेव. शिवाय पानावर जागा थोड्या आणि खटके पुष्कळ. त्यावर तोड अशी कीं, चार आडव्या व चार उभ्या तारांची जाळी करून प्रत्येक छेदावर एक खटका बसवावयाचा. आठ तारांत सोळा खटके होतात. मात्र प्रत्येक खटक्याबरोबर एक डायोड, म्हणजे विजेस एकाच दिशेनें जाऊं देणारें दार, बसविलें पाहिजे. नाहीं तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील खटके एकदम दाबले असतां चौथा न दाबतांच दाबल्याचा भास होतो.

सर्व जोडून झालें तरी विमान हालत नाहीं, ह्याचें आम्हांस मोठें आश्चर्य वाटलें. संगणकास एवढेंच कळतें कीं "सातवा खटका लागला." सातवा म्हणजे चाकें, कीं दिवे, कीं ब्रेक, हें त्यास कोणी तरी सांगितलें पाहिजे. शब्दाचा अर्थाशीं असलेला संबंध नित्य आहे असें मीमांसक म्हणतात, तो संकेतानें ठरतो असें नैयायिक म्हणतात. माळ्यावर तरी नैयायिकांचा जय झाला. मात्र हा संकेत ठरवितांना यंत्र कधीं कधीं आगाऊपणा करतें. दोन साधनें जोडलीं असतां तें आपल्या मनानेंच दोहोंस तेंच काम नेमून देतें, आणि मग एक हात विमान डावीकडे नेतो व दुसरी, कोणी न हालविलेली दांडी त्यास मध्यावर ओढीत राहते. अशा वेळीं आधींचे सर्व संकेत पुसून एकेक हातानें ठरवावे.

ह्याच संकेताच्या चुकीनें आमच्या घरांत पहिला अपघात झाला. बीचक्राफ्ट बॅरन ह्या दोन इंजिनांच्या विमानाचीं चाकें उड्डाणानंतर पोटांत घेतां येतात. नातवानें चाकांच्या खटक्यास जो संकेत दिला होता तो "आहे त्याच्या उलट कर" असा होता. एके दिवशीं त्यानें उड्डाण धावपट्टीवरून न करतां आकाशांतूनच सुरू केलें. तेथें यंत्राच्या हिशेबीं चाकें वर होतीं, आणि फळीवरील खटका आदल्या दिवसापासून खालीं होता. उतरण्याच्या वेळीं त्यानें खटक्याकडे पाहिलें, तो खालीं आहे म्हणजे चाकें खालीं आहेत असें धरलें, आणि विमान धावपट्टीवर पोटानें घसरलें. चाकें वर ठेवून शक्ति कमी केली तर विमान भोंगा वाजवून सावध करतें. परंतु दुपारची वेळ, खालीं आजीची वामकुक्षी चाललेली, म्हणून आवाज बंद ठेवला होता. नातू बराच वेळ पडद्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, "आजोबा, मी खटका पाहिला, चाकें पाहिलींच नाहींत."

त्यानंतर संकेत बदलले. खटका वर गेला तर "चाकें वर घे", खालीं आला तर "चाकें खालीं सोड", अशा दोन निरनिराळ्या आज्ञा झाल्या. पण एवढ्यानें भागत नाहीं, कारण आज्ञा ही खटका हालला तरच जाते. म्हणून उलट दिशेची वाट लागली. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरला २००६ पासून सिमकनेक्ट नांवाचें एक दार आहे; त्यांतून विमानाची खरी स्थिति बाहेर काढून ती फळीवरील दिव्यांस कळवितां येते. खऱ्या विमानांत तीन चाकांचे तीन हिरवे दिवे असतात, आणि चाक खालीं येऊन पक्कें बसलें कीं त्याचा दिवा लागतो. नातवानें तेथें पांढरे दिवे घातले, विमानाच्या चाकांप्रमाणेंच एक पुढें व दोन मागें अशा त्रिकोणांत. आणि चाकें मध्येंच असल्याचा इशारा देणारा दिवा, जो खऱ्या विमानांत बहुधा तांबडा असतो, तो त्रिकोणाबाहेर दूर ठेवून लुकलुकता केला. जें रंगानें सांगावयाचें तें त्यानें जागेनें सांगितलें. त्याचे वडील त्या रात्रीं प्रथमच माळ्यावर आले, तिन्ही दिवे लागतात का तें पाहिलें, आणि एक दिवा जरा सैल बसला आहे असें म्हणून स्वतः पेचकस घेऊन बसले. बाजूस ठेवलेल्या रकमेचें काय करावयाचें, ह्याविषयीं मात्र घरांत अद्यापि एकमत नाहीं. घरच्या ह्या विमानावर घालविलेले तास कोणत्याही परवान्यासाठीं धरले जात नाहींत, हें मुलास पक्कें ठाऊक आहे.

फळी पाहावयास शेजारपाजारचेही येतात. एका स्नेह्यांनीं "हें सर्व आपल्या वैमानिकशास्त्रांत होतेंच" असें सांगितलें. संस्कृतावर आमचें प्रेम त्यांच्याहून कमी नाहीं, पण १९७४ मध्यें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच विद्वानांनीं तो ग्रंथ बारकाईनें तपासला, आणि तो विसाव्या शतकांतलाच आहे व त्यांतील विमानें उडण्याजोगीं नाहींत, असा निर्णय दिला. आम्हीं स्नेह्यांस थ्रॉटलपुढें बसविलें. त्यांनीं विमान मुठा नदींत घातलें, आणि विषय तेथेंच संपला.

सध्यां काम अडलें आहे तें रडरच्या पावड्यांवर. रडर म्हणजे शेपटीचें सुकाणू. तें पायांनीं चालवावयाचें, एक पाय पुढें गेला कीं दुसरा मागें यावा अशी जोडणी. सरकण्यासाठीं मेजाच्या खणाच्या पोलादी पट्ट्या मिळाल्या आहेत, सम जातीचा पोटेन्शिओमीटरही ह्या वेळीं पाठीवरचें अक्षर पाहून आणला आहे. पाय ठेवण्यास मात्र चांगलें जुनें, न वांकणारें लांकूड हवें, आणि तसें घरांत एकच आहे, तें म्हणजे आजीचे शिसवी पाट. ज्या पाटावर बसून तीन पिढ्यांच्या मुंजी लागल्या त्यावर पाय द्यावयाचे नाहींत, असें तिनें निक्षून सांगितलें आहे. नातवानें काल तिला फळीपुढें बसवून पुण्याहून रत्नागिरीपर्यंत, तिच्या माहेरावरून, नेऊन आणलें. पाट अद्यापि मिळालेला नाहीं.